हा लाँगमध्ये तीन दिवस: आधी भरतीचा तक्ता, मग बोट

व्हिएतनामच्या हा लाँग उपसागरात जायचं ठरलं की बहुतेक जण बोटींचे फोटो बघत बसतात. आम्ही आधी भरती-ओहोटीचा तक्ता उघडला, आणि तुम्हीही तेच करा असं आग्रहाने सांगू. आपल्या कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. हा लाँग ज्यात येतं त्या टाँकिनच्या आखातात ती एकदाच येते. साधारण 24 तास 50 मिनिटांत एक भरती आणि एक ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, हा आपला हिशेबही तिथे लागू पडत नाही. चंद्र विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला सर्वांत लांब गेला की पाणी जोरात चढतं-उतरतं. हा फरक साडेतीन मीटरपर्यंत जाऊ शकतो. चंद्र विषुववृत्त ओलांडत असतो त्या दिवसांत पाणी जेमतेम हलतं. साधारण दोन आठवड्यांचं हे चक्र आहे. तक्त्यासाठी हाय फाँग शहराजवळचं होन दाऊ हे ठिकाण धरा.

हे इतकं महत्त्वाचं का, तर इथलं खरं सौंदर्य पाण्याच्या रेषेवर आहे. 1,553 चौरस किलोमीटरमधली ही 1,969 बेटं म्हणजे बुडालेल्या चुनखडीच्या डोंगरांची टोकं. हिमयुग सरल्यावर समुद्र आत आला आणि दऱ्या भरून गेल्या. म्हणून पाणी उथळ, बेटांच्या आडोशामुळे लाटा लहान. डोंगरांच्या मधले खोलगट भाग चहूबाजूंनी कडे असलेली तळी झाले. दक्षिणेकडच्या कात बा बेटाच्या भागात त्यांना ‘आंग’ म्हणतात. काही तळ्यांत शिरायची वाट म्हणजे कातळाखालचा बोगदा. पाणी फार चढलं तर छत डोक्याला लागतं, फार उतरलं तर तळाचे कालवांचे धारदार शिंपले कायाकला, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीला, खरवडतात. मधली वेळ साधायची.

आता रात्री किती? दोन घ्याच. एका रात्रीच्या सफरीत दुपारी बाराच्या सुमारास बोटीवर चढतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उतरवतात. एक गुहा, तासभर कायाक, संपलं. दोन रात्रींत मधला अख्खा दिवस हाती येतो. तेव्हा छोट्या बोटीने लांबच्या बेटांकडे नेतात. आरक्षण करतानाच विचारा की मधल्या दिवशी कायाक किती वाजता आहे, आणि ती वेळ तक्त्याशी ताडून पाहा. दिवसात एकच भरती असल्यामुळे सकाळी हुकलेलं पाणी संध्याकाळी परत मिळेल, असं गृहीत धरता येत नाही.

उपसागर तीन आहेत. मधला हा लाँग क्वांग निन्ह प्रांतात. सुंग सोत गुहा आणि तितोव बेट तिथेच. सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव 1962 मध्ये हो ची मिन्ह यांच्याबरोबर इथे आले होते, त्यावरून बेटाचं नाव पडलं. चारशेहून जास्त पायऱ्या चढल्या की बेटांची रांगच रांग दिसते. शक्य असेल तर ऊन उतरल्यावर चढा. दक्षिणेला कात बा बेटाला लागून लान हा, ईशान्येला बाय तू लाँग. या दोन्हींकडे गर्दी कमी, आणि कायाकसाठी आमची पसंती लान हा. युनेस्कोच्या यादीत हा लाँग 1994 मध्ये आलं, कात बा 2023 मध्ये जोडलं गेलं.

सर्वांत जास्त घोळ होतो तो धक्क्याचा. हा लाँगच्या बऱ्याच बोटी तुआन चाऊहून सुटतात, लान हाच्या अनेक बोटी हाय फाँगच्या बाजूने. दोन्हींच्या मध्ये समुद्र आहे, त्यामुळे चुकीच्या धक्क्यावर गेलात तर बोट गेलीच समजा. हनोईतून गाडी ठरवण्याआधी धक्क्याचं नाव लेखी मागून घ्या. पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकू नका; प्रवाशांची यादी बंदरावर द्यावी लागते. भारतीयांना 25 डॉलरचा एकवेळ प्रवेशाचा ई-व्हिसा पुरतो.

खोली घेताना मजला विचारा. खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला रात्रभर जनरेटरची घरघर येते. पुढची किंवा वरची खोली घ्या.

हवामानाला गृहीत धरू नका. जून ते ऑक्टोबर वादळांचा काळ. धोका दिसला की बंदर बंद होतं आणि बोट धक्क्यावरच राहते. जुलै 2025 मध्ये अचानक आलेल्या वादळी पावसात पर्यटकांची बोट उलटून अनेकांचा जीव गेला, म्हणून सफर रद्द झाली तर वाद घालत बसू नये. पैसे परत मिळण्याची अट आधीच वाचा आणि परतीचं विमान त्याच संध्याकाळचं ठेवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये धुकं आणि भुरभुर पाऊस असतो, बेटं धूसर दिसतात. ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर उत्तम.

शाकाहारी असाल तर ‘आन चाय’ हे दोन शब्द पाठ करा. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर भाजीत नुओक माम, म्हणजे माशाचा रस, येतोच. आरक्षणाच्या वेळी कळवा, बोटीवर चढल्यावर पुन्हा सांगा.

कायाक बहुतेक दोघांची असते. दिशा मागचा सांभाळतो, लय पुढचा धरतो. दोघंही वळवायला लागले की ती जागच्या जागी फिरते. पायात पट्ट्याच्या सँडल हव्यात, अनवाणी नको. पाण्याच्या रेषेला कडा आत खाल्लेला असतो, त्या खोबणीत सावलीसाठी शिरायचा मोह होतो. शिरू नका, मोठी बोट बाजूने गेली की तिच्या लाटेवर कायाक वर उचलली जाते आणि डोकं कातळावर आपटतं. बोगद्यात शिरण्याआधी कड्याकडे नीट बघा. पाण्याच्या वर कालवांचा काळपट ओला पट्टा रुंद दिसत असेल तर ओहोटी आहे, बोगद्यात डोक्यावर जागा भरपूर मिळेल. पट्टा पाण्याखाली गेला असेल आणि पाणी अजून चढत असेल, तर आत जाऊ नका. परत निघेपर्यंत छत खाली आलेलं असेल.