तुम्ही विचारलंत म्हणून: सायकॉलॉजी शिकलीस, मग आजीसाठी काय केलंस?

दर लग्नात, दर बारशाला कुणीतरी विचारतंच, की एवढं सायकॉलॉजी केलंस, कॉग्निटिव्ह का काय तो पेपरही होता, मग घरात आजीला अल्झायमर झाला तेव्हा त्याचा उपयोग काय झाला. विचारणाऱ्यांतले निम्मे जण आजोबांच्या श्राद्धाला आमच्याकडे जेवायला होते, त्यामुळे खरं काय विचारायचंय ते मला कळतं. काकांना चारचौघांत उलट का बोललीस, हे विचारायचंय. तर एकदाच सविस्तर सांगते.

एसवायच्या त्या पेपरात कुणाला बरं करायला शिकवत नाहीत, आणि मनातलं ओळखायला तर नाहीच नाही. लक्ष कसं लागतं, लक्षात कसं राहतं, माणूस विसरतो कसा, एवढंच असतं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरं पाठ करून स्वतःचंच विसरणं मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं, माणसाच्या डोक्यात एका वेळी साधारण किती गोष्टी मावतात त्याचं मिलरचं १९५६ चं सात अधिक-उणे दोन, असलं सगळं. मी नोट्स काढत होते आणि घरी आजी त्याच दिवसांत गॅस चालू ठेवून विसरायला लागली होती, पण या दोन गोष्टींचा संबंध मला तेव्हा लागला नव्हता.

तो लागला आरशातल्या रेखाटनाच्या प्रॅक्टिकलला. कागदावर दुहेरी रेघेची चांदणी छापलेली असते, मधे पडदा लावून आपला हात आपल्यापासून लपवतात आणि समोरच्या आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. कोपऱ्यावर आलं की हात हटकून उलट्या दिशेला जातो, आपण ढकलतोय एकीकडे आणि रेघ पळतेय भलतीकडे, पार्टनर स्टॉपवॉच धरून चुका मोजत असते. करत गेलं की हाताला जमायला लागतं. कसं जमलं ते मात्र सांगता येत नाही. तेव्हा मॅडमनी एच. एम. या आद्याक्षरांनीच ओळखल्या जाणाऱ्या एका पेशंटची केस सांगितली. अपस्मारासाठी १९५३ मध्ये अमेरिकेत स्कोव्हिल नावाच्या सर्जनने त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी तयार करायला लागणारा भाग, बराचसा काढून टाकला, त्यानंतर त्याला नवीन काही लक्षातच राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याच्याकडून हीच चांदणी काढून घेतली, तर तीन दिवसांत त्याच्या चुका कमी कमी होत गेल्या, आणि आपण हे आधी केलंय हे मात्र त्याला दर वेळी ठाऊकच नव्हतं. त्याचं नाव हेन्री मोलेसन होतं हे जगाला कळलं २००८ मध्ये, तो गेल्यावर.

मी घरी जाऊन आजीच्या हातात कापूस दिला. आजीने सरकी काढली, पाकळी मोकळी केली, बोट दुधात बुडवून टोकाला पीळ दिला आणि फुलवात ताटात उभी केली, मग दुसरी, मग तिसरी. सकाळचा चहा झाला की नाही हे तिला सांगता येत नव्हतं. एच. एम.चं ऑपरेशन आणि आजीचा आजार एक नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ‘तिला आता काहीच येत नाही’ असं म्हणणं घरात त्या दिवशी थांबलं. उपयोग विचारता ना, एक हा.

आता त्या दुपारचं. पानं वाढली होती, काका कावळ्याचं पान ठेवून वर आले, आणि आजी आतून कुंकू लावून बाहेर आली. “हे कुठे गेलेत? जेवायची वेळ झाली.” सगळे गप्प. पाहुण्यांतल्या एक बाई पुटपुटल्या, अगं बाई, कुंकू. मग काका तिच्यापुढे बसले आणि म्हणाले, “आई, अण्णा गेले. आज त्यांचंच श्राद्ध आहे.” ती जी रडली, ती अगदी आत्ता कळल्यासारखी, कारण तिला खरंच आत्ताच कळलं होतं. पाचेक मिनिटांनी डोळे ओलेच, आणि पुन्हा विचारलं, हे कुठे गेलेत? काकांनी पुन्हा सांगायला तोंड उघडलं आणि मी मधे पडले, म्हटलं, आजी, बाहेर गेलेत, येतील.

“खोटं बोलायला शिकवतात का कॉलेजात?” काका म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही तिला रोज नव्याने विधवा करताय.

हो, हे मी बोलले, सगळ्यांसमोर बोलले. एच. एम.लाही त्याचे एक अंकल गेल्याचं सांगितल्यावर फार दुःख झालं, मग तो विसरला आणि ते भेटायला कधी येणार म्हणून विचारत राहिला. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की हिप्पोकॅम्पसला इजा झालेले लोक दुःखी फिल्म बघितल्याचं विसरतात, पण वाईट वाटणं टिकून राहतं. म्हणजे आजी कारण विसरते, रडणं तसंच राहतं. मग ते तिला परत परत कशासाठी द्यायचं? हे मला आजही पटतं.

पण काकांचं म्हणणं होतं की ती अण्णांची बायको होती, तिला खरं सांगायचं नाही हे ठरवणारे आपण कोण. तिचं अंथरूण-पांघरूण, तिची आंघोळ काका-काकूच बघत होते, मी शनिवार-रविवारी यायचे. तेव्हाच्या मला वाटायचं की पेपर आपण वाचलाय म्हणजे बरोबर आपण. त्याच दुपारी पाहुणे गेल्यावर आजी दाराशी खुर्ची टाकून बसली, हे येतील म्हणून, आणि कितीही सांगितलं तरी दिवेलागणीपर्यंत जेवली नाही. ‘येतील’ हे शब्द माझे होते. ते तिच्या डोक्यात राहिले होते, की नुसतं वाट बघणं राहिलं होतं, हे मला कुठलंच पुस्तक सांगू शकलं नाही.

पुढे तिच्या हातांनी वातीही सोडल्या, मग तीही गेली. काका माझ्याशी बोलतात, सगळं बोलतात, हा विषय सोडून. पुन्हा कुणाच्या घरी अशी वेळ आली आणि मला विचारलं, तर मी ‘बाहेर गेलेत’ हेच सांगेन. आणि काकांनी ती दाराशी टाकलेली खुर्ची काढली, तर मला त्यावर काही बोलता येणार नाही.