संशोधन प्रकल्पासाठी समाजशास्त्राचा वर्ग

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने ऐच्छिक विषय म्हणून प्रास्ताविक समाजशास्त्र निवडले, की त्याला सोपे गुण हवे असावेत, असा तर्क बहुतेक जण करतात. माझे कारण निराळे होते. आमच्या गटाने संशोधन प्रकल्पासाठी घेतलेला विषय असा होता: अभ्यासात अडल्यावर विद्यार्थी मदत कोणाकडे मागतात, आणि काही जण ती का मागत नाहीत. आकडेमोडीची आमची तयारी पुरेशी होती. मात्र ‘मदत मागणे’ म्हणजे नेमके काय मोजायचे, यावर एकमत होत नव्हते. शिक्षकांना भेटून शंका विचारणे ही मदत, हे सर्वांना मान्य होते. पण मैत्रिणीची वही उतरवून घेणे किंवा वरच्या वर्गातल्या कोणाला जिन्यात गाठून विचारणे हे कोणत्या रकान्यात घालायचे, हा प्रश्न सुटत नव्हता.

प्रकल्पाच्या दृष्टीने पहिली उपयोगी गोष्ट फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम यांच्या १८९७ सालच्या आत्महत्येवरील अभ्यासातून मिळाली. इतका खाजगी वाटणारा निर्णय, तरीही एखाद्या समाजातील त्याचे प्रमाण वर्षानुवर्षे फारसे बदलत नाही, आणि प्रोटेस्टंटांमध्ये ते कॅथलिकांपेक्षा, तर अविवाहितांमध्ये विवाहितांपेक्षा अधिक आढळते, हे त्यांनी सरकारी आकडेवारीच्या आधारे मांडले. माणसे बदलतात आणि प्रमाण टिकून राहते, त्या अर्थी कारणे केवळ एकेका माणसाच्या मनात शोधून भागणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आमच्या प्रश्नावलीच्या पहिल्या खर्ड्यात आत्मविश्वास, संकोच आणि विषयाची गोडी एवढेच होते, म्हणजे सारे काही विद्यार्थ्याच्या मनातले. त्यात पुढे नवे प्रश्न आले: नोकरी करून शिकणाऱ्याला शिक्षकांच्या भेटीची वेळ गाठता येते का, वरच्या वर्गात त्याच्या ओळखीचे कोणी आहे का, घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयात शिकले आहे का.

द्युरकेम यांच्यावरील टीकाही तितकीच कामाची ठरली. जॅक डग्लस यांनी १९६७ मध्ये असा आक्षेप घेतला, की मृत्यूची नोंद ‘आत्महत्या’ म्हणून करायची की नाही हे कोणीतरी ठरवत असते, आणि ते ठरवणे स्वतःच सामाजिक दबावांपासून मुक्त नसते. आमच्या हाती मार्गदर्शन केंद्राची नोंदवही होती. तिच्यात सही करणारेच दिसतात. दारातून डोकावून परत गेलेला विद्यार्थी त्या वहीच्या लेखी आलेलाच नसतो.

मात्र प्रकल्पाला खरे वळण मिळाले ते अभ्यासक्रमातल्या ‘सामाजिक स्तरीकरण (म्हणजे समाजातील उच्चनीच थर) आणि शिक्षण’ या घटकामुळे. ॲनेट लारो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात ८८ मुलांच्या कुटुंबांची माहिती घेतली होती आणि त्यांपैकी १२ कुटुंबांचे जवळून निरीक्षण केले होते. मध्यमवर्गीय पालक मुलांना डॉक्टरांना आणि शिक्षकांना प्रश्न विचारायला शिकवतात, तर कामगारवर्गीय आणि गरीब कुटुंबांतील मुले अशा संस्थांशी वागताना बिचकतात, असे त्यांना दिसले. जेसिका कॅलार्को यांनी २०११ मध्ये प्राथमिक शाळेतील निरीक्षणांतून हा धागा पुढे नेला: मध्यमवर्गीय मुले हात वर करून, प्रसंगी शिक्षकांचे बोलणे तोडूनही मदत मागत आणि ती मिळवत; कामगारवर्गीय मुले तुलनेने कमी वेळा मागत, आणि त्यामुळे मदतीत मागे राहत.

हे वाचल्यावर आमच्या प्रश्नावलीतला ‘मला गरज वाटली नाही’ हा पर्याय खटकू लागला. ज्याचे काही अडलेच नाही तो, आणि शिक्षकांना त्रास देणे योग्य नव्हे असे मानणारा, हे दोघेही त्याच चौकटीत खूण करणार होते. आम्ही त्या पर्यायाचे दोन भाग केले. अमेरिकेतील शाळकरी मुलांचे निष्कर्ष महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे उघड आहे. त्यांचा उपयोग काय विचारावे हे ठरवण्यापुरता.

विल्यम रॉबिन्सन यांचा १९५० सालचा लेख मला विशेष भावला, कदाचित त्यात सहसंबंध गुणक, म्हणजे दोन गोष्टी कितपत एकत्र बदलतात ते सांगणारा आकडा, असल्यामुळे. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत राज्यनिहाय पाहिले, तर परदेशी जन्मलेल्यांचे प्रमाण जिथे जास्त तिथे निरक्षरता कमी दिसते. व्यक्तिनिहाय पाहिले, तर परदेशी जन्मलेल्यांमध्येच ती थोडी अधिक होती. स्थलांतरित मुळातच साक्षरता अधिक असलेल्या राज्यांत वसले होते, म्हणून ही उलटापालट. आमच्याकडेही विभागवार सरासरी होती. तिच्यावरून एका विद्यार्थ्याविषयी काही बोलायचे नाही, असे ठरले.

वर्गातले सगळेच काही कामी आले नाही. कार्यवाद, संघर्षवाद आणि प्रतीकात्मक आंतरक्रियावाद या समाजाकडे पाहण्याच्या तीन दृष्टिकोनांचा तीन रकान्यांचा तक्ता पाठ करून घेण्याने परीक्षा सुटते, एवढेच. त्यापेक्षा माणूस आपल्या कृतीला कोणता अर्थ देतो ते समजून घ्यावे, हा जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांचा आग्रह आम्हांला अधिक उपयोगी पडला, आणि प्रश्नावली वाटण्याआधी थोड्या मुलाखती घ्यायचे आम्ही पक्के केले. संमतिपत्रात नाव गुप्त ठेवण्याचे आश्वासन होतेच. तरी छोट्या विभागात वर्ष, लिंग आणि नोकरी एवढ्या तीन गोष्टींवरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून अहवालातून त्यांतली एक गाळावी लागली.

असाच प्रकल्प हाती असलेल्यांसाठी एक व्यावहारिक सूचना आहे. प्रास्ताविक पाठ्यपुस्तकांत संशोधन पद्धतींचे प्रकरण बहुधा सुरुवातीलाच असते, पण स्तरीकरण आणि शिक्षण ही प्रकरणे बरीच मागे असतात, आणि वर्ग तिथे पोहोचेपर्यंत प्रश्नावली वाटून झालेली असण्याचा संभव असतो. ती आधीच वाचून घ्यावीत, आणि खर्डा कच्चा असतानाच तो समाजशास्त्राच्या शिक्षकांना दाखवावा.