‘म्हणजे क्रीचीच बोली ना?’ असे तुम्ही विचारलेत म्हणून
मी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातील एका आदिवासी समाजाच्या, अतिकामेक्वांच्या, भाषेचा अभ्यास करते असे सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे क्रीचीच बोली ना?’ पुण्यात नातेवाईक विचारतात, इथे क्वेबेकमध्ये सहकारी विचारतात, आणि मी इतकी वर्षे ‘साधारण तसेच’ म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर आता माझ्याने देववत नाही.

प्रश्न अडाणीपणाचा नाही, हे मान्य करते. अल्गाँक्वियन या उत्तर अमेरिकी भाषाकुळातल्या क्री, इन्नू आणि नास्कापी या आदिवासी भाषांच्या साखळीतच ही भाषा येते. एकाच जुन्या ध्वनीचा कुठे ‘य’, कुठे ‘न’, कुठे ‘ल’, तर कुठे ‘र’ झाल्यामुळे ‘मी’ हा शब्द मैदानी क्रीत ‘निया’, दलदली प्रदेशातल्या क्रीत ‘निना’, मूस क्रीत ‘निला’ आणि अतिकामेक्वमध्ये ‘निरा’ होतो. इन्नूत ‘इ’-‘ए’पूर्वीच्या ‘क’चा ‘च’ झाला. अतिकामेक्वने ‘क’ राखला, म्हणून ती या बाबतीत दूरच्या पश्चिमेकडील क्रीला अधिक जवळची ठरते.

हाच तक्ता मी एका व्याख्यानात फळ्यावर मांडला आणि शेवटच्या रकान्यावर ‘र-बोली’ असे लिहिले. व्याख्यान संपल्यावर मानावान या अतिकामेक्व वस्तीतून आलेल्या एक वयस्क बाई फळ्यापाशी आल्या. आपल्या भाषेला त्या ‘नेहिरोमोविन’ म्हणतात, आणि तो शब्द फळ्यावर कुठेच नव्हता, एवढेच त्यांनी शांतपणे दाखवून दिले. मग त्यांनी मला ‘नितास्किनान’चा अर्थ विचारला. सेंट मॉरिस नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या अतिकामेक्वांच्या प्रदेशाचे हे नाव. 2014च्या सप्टेंबरमध्ये अतिकामेक्वांनी ज्यावर आपले सार्वभौमत्व जाहीर केले, तो हा प्रदेश. मी फ्रेंचमध्ये घाईने सांगितले, ‘आपली भूमी’ आणि ‘आमची भूमी’ या दोहोंना पुरणाऱ्या एकाच शब्दाने. ‘तुमचीही?’ असे त्यांनी विचारले. शब्दाच्या आरंभीचा ‘नि’ आणि अंतीचा ‘नान’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतात. त्याला सामावून घ्यायचे असते, तर आरंभी ‘कि’ आला असता. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद जिच्या तोंडी लहानपणापासून आहे, त्या मला तो त्यांच्या भाषेत ऐकू आला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

माझा तक्ता चुकीचा नव्हता, आजही नाही. ध्वनींची तुलना केल्याने कोणाचा अवमान होत नाही, असे मी त्या रात्री स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितले. पण विद्यार्थिदशेत कोकणीला मराठीची बोली ठरवणारे लेख वाचून मी मान डोलावली होती, आणि 1975 साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानले होते हे ठाऊक असूनही डोलावली होती, तेही त्याच रात्री आठवले. तेव्हाची मी म्हणत असे की जवळीक मोजता येते. मोजता येतेच, पण कोणत्या भाषेला मध्यभागी धरून मोजायचे, हे मी कधी विचारलेच नव्हते.

मग ‘स्वतंत्र भाषा’ असे ठामपणे म्हणावे, तर नात्याचा धागा तुटतो. मानावान, वेमोताची आणि ओपिच्चिवान या तीन वस्त्यांत मुले आजही हीच भाषा घरात शिकतात; माझ्या वर्गीकरणावाचून त्यांचे काही अडत नाही. पुढच्या व्याख्यानातही तक्ता तोच असेल. ‘र-बोली’ मी पुसून टाकले आहे. रकान्यावर त्यांच्या भाषेचे त्यांनी सांगितलेले नाव लिहायचे की आधी त्यांना विचारायचे, हे अजून ठरलेले नाही.