होडीवरचे दिवे बसवताना: माझा अनुभव

दिवाळीनंतरची गोष्ट. मी आणि धाकटा भाऊ अलिबागजवळच्या खांदेरी बेटाच्या आसपास गळ टाकून रात्री थळ गावाला परतत होतो. आमची 22 फुटी फायबरची होडी, मागे 40 हॉर्सपॉवरचं इंजिन. पुढे नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, एक प्रखर फ्लडलाइट लावलेला, तोच आमचा सगळा उजेड. समोरून शेजारच्या नाखवांची होडी आली आणि अगदी जवळ आल्यावर तिने एकदम वळण घेतलं. थोडक्यात वाचलो. सकाळी नाखवा घरी आले. रागावले नाहीत, पण म्हणाले, "पोरा, तुझा दिवा नुसता डोळ्यांत घुसतो. होडी येते का जाते, तेच कळत नाही."

त्या दिवसापर्यंत मी दिवा म्हणजे आपल्याला दिसावं म्हणून लावायची वस्तू समजत होतो. समुद्रावरचे हे दिवे मुळात दुसऱ्यासाठी असतात. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, वर पांढरा. एवढ्यावरून समोरच्याला कळतं की तुमचं तोंड कुठे आहे. नाळेवरचा फ्लडलाइट हे सगळं पुसून टाकतो, शिवाय आपल्याच डोळ्यांची अंधाराची सवय मोडतो. ती पुन्हा नीट बसायला वीस-तीस मिनिटं जातात.

मग 1972 चे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम वाचले. 7 मीटरपेक्षा लहान होडीला फक्त चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो, असं ऐकलं होतं आणि आमची होडी 6.7 मीटरची. पण ती सवलत कमाल वेग 7 नॉटच्या (ताशी 7 सागरी मैलांच्या) आत असेल तरच, आणि तेव्हाही जमत असेल तर लाल-हिरवे लावायचेच. आमची होडी सहज 20 नॉट पळते. म्हणजे लाल-हिरवा हवाच आणि पांढरा दिवा त्यांच्यापेक्षा किमान 1 मीटर उंच. 12 मीटरच्या आतल्या होड्यांसाठी रंगीत दिवे 1 सागरी मैलावरून आणि पांढरा 2 मैलांवरून दिसायला हवा.

पहिला लाल-हिरवा जोडदिवा मी स्वस्तातला घेतला आणि तिथे फसलो. होडी ट्रॉलीवर होती. रात्री किनाऱ्यावर दिवा लावला आणि भावाला 30 मीटर पुढे, नाळेच्या अगदी समोर उभं केलं. तिथून दोन्ही रंग दिसणं बरोबर. तिथून तो आडवा चालायला लागला, की दीड मीटरच्या आत, म्हणजे दोन पावलांत, एक रंग नाहीसा व्हायला हवा, कारण रंग मधल्या रेघेपलीकडे दिसायला नियमात 1 ते 3 अंशांचीच मुभा आहे. भाऊ दहा पावलं गेला तरी ओरडत होता, "दादा, अजून दोन्ही दिसतायत!" लाल रंगही नारिंगीकडे झुकलेला. दुकानदाराने परत घेतला नाही. पैसे गेले, पण तो दिवा होडीवर चढला नाही याचं समाधान आहे. दुसरा घेताना खोक्यावर दृश्य अंतर आणि मान्यतेची खूण पाहूनच घेतला.

एलईडी घ्यावा, यात मला शंका नाही. जुने 10 वॅटचे दोन बल्ब 10 तास जळले, तर 12 व्होल्टच्या बॅटरीतून जवळपास 17 अँपिअर-तास जातात. आमच्या दोन्ही एलईडींना मिळून 4 पुरतात.

काम मे महिन्यात, होडी पावसाळ्यासाठी वर काढल्यावर केलं. नाळेच्या टोकापासून इंजिनच्या मध्यापर्यंत सुतळी ताणली आणि जोडदिव्याची मधली रेघ तिच्यावर आणली. यात घाई करू नये. दिवा जरा तिरका बसला, तर लाल-हिरव्याची हद्दच सरकते. फायबरला भोक पाडताना ड्रिल आधी उलटं फिरवलं म्हणजे वरचा चकचकीत थर फुटत नाही. आत प्लायवूड होतं, म्हणून भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरलं आणि मग त्यातच पुन्हा बारीक भोक पाडलं. नाहीतर स्क्रूवाटे पाणी उतरून लाकूड कुजतं.

वायर मोटारगाडीची वापरायची नाही. आमची जुनी वायर सोलली, तर आत तांबं वीतभर काळं पडलेलं, बोटाने चोळल्यावर हिरवट भुगा हाताला लागला. या वेळी कलई केलेल्या तांब्याची घेतली, टोकं दाबून बसवली आणि वरून आतल्या बाजूने गोंद असलेली, गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी आकसनळी चढवली. प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज.

पांढरा दिवा मागच्या बाजूला स्टीलच्या पाइपवर चढवला, चालवणारा उभा राहिला तरी डोक्याच्या वर राहील इतका उंच. खाली काळी गोल चकती लावली, त्यामुळे उजेड इंजिनवर पडून डोळ्यांत येत नाही.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित निघाली. पांढरा दिवा लावला की वायरलेसवर खरखर सुरू. काही एलईडींमुळे वायरलेसमध्ये असा अडथळा येतो आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 2018 मध्ये त्याबद्दल इशाराही दिला होता. मदतीची हाक ज्या 16 नंबरच्या चॅनेलवर यायची, तीच ऐकू न येणं परवडणारं नाही. तपासणी सोपी आहे: शांत चॅनेल लावायचं, स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारं बटण, खरखर जेमतेम थांबेल इतकंच ठेवायचं आणि दिवा चालू करायचा. खरखर परत आली, तर दोष दिव्याचा. मी तो बदलला.

नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा रात्री बाहेर पडलो. खांदेरीच्या अलीकडे समोरून लाल आणि हिरवा, दोन्ही दिवे येताना दिसले. मी सुकाणू उजवीकडे घेतलं. समोरच्यानेही घेतलं असावं, कारण थोड्याच वेळात त्याचा हिरवा मावळला आणि नुसता लाल उरला. बरंच अंतर राखून होडी डावीकडून गेली तेव्हा कळलं, नाखवाच होते.