तुम्ही विचारलंत म्हणून: रेकॉर्डला काय लावायचं?

माळ्यावर जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड सापडल्या की लोक मला हमखास विचारतात, "खरखर जायला यांना काय लावू?" कुणी खोबरेल सुचवतं, कुणी शिवणयंत्राचं तेल, तर कुणी परदेशातून आणलेली वंगणाची बाटली पुढे करतं. माझं सांगणं एकच: आधी धुवा.

आपल्या गोव्यात पावसाचे चार महिने हवा किती दमट असते! कव्हरच्या पुठ्ठ्याला बुरशी धरते, बोटांच्या तेलकट ठशांवर वाढते आणि तिथून रेकॉर्डवरच्या बारीक चरांत, म्हणजे सुई चालते त्या खाचांत, उतरते. सुई तिच्यावर आपटते तेव्हा चट् चट् ऐकू येतं. त्यावर तेल ओतलं तर घाण निघत नाही, तिचा चिखल होतो. तो सुईला चिकटतो आणि गाणाऱ्याचा आवाज दबतो. वर धूळ बसते ती निराळीच.

खास रेकॉर्डसाठी केलेली वंगणं मात्र थोतांड नाहीत. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या बॉल कॉर्पोरेशननं साउंड गार्ड नावाचं कोरडं वंगण बाजारात आणलं. तेव्हा अवकाशयानांचे भागही बनवणारी ही कंपनी. पुढे ग्रूव्ह ग्लाइड आलं. धुतलेल्या, चांगल्या एलपीवर, म्हणजे विनाइल प्लास्टिकच्या रेकॉर्डवर, अशा वंगणांचा अगदी पातळ थर सुईचं घर्षण कमी करतो. पण झिजलेला चर काही भरून येत नाही. ग्रूव्ह ग्लाइड स्थिर विजेची तडतडही कमी करतं, पण ती तडतड कोरड्या हवेतली. पावसाळ्यात आपल्याकडे तिचा त्रास जवळजवळ नसतोच. म्हणून मी ही बाटली विकत घ्या असं सहसा कुणाला सांगत नाही.

78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांची गोष्टच वेगळी. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांचं त्या काळचं गाणं ज्यांवर आहे, त्या लाखेच्या. पोलादी पिन घासून चराच्या आकाराची व्हावी म्हणून लाखेत दगडाची पूड मिसळायचे. तो अखंड सर्रर्र आवाज त्या पुडीचा, कुठल्याच द्रवानं तो जाणार नाही. आणि त्यांना स्पिरिट कधीही लावू नका, लाख विरघळते. गाणं कायमचं जाईल.

धुवायला डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात बिनवासाच्या लिक्विड सोपचे दोन थेंब. मऊ ब्रश चरांच्या दिशेनं गोल फिरवा, आडवा नको. लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं साबण पूर्ण काढा, नाहीतर तोच सुकून कुरकुरतो. उभी ठेवून सावलीत वाळवा. आतलं बुरशीचं पाकीट टाकून नवं घाला, नाहीतर धुण्याचे कष्ट वाया.

आणि कुणी आधीच तेल लावून ठेवलं असेल, तर रेकॉर्ड टाकू नका. असंच दोन-तीनदा धुवा, आणि पहिल्या काही वेळा प्रत्येक बाजू वाजवून झाली की सुई कोरड्या मऊ ब्रशनं मागून पुढे पुसा. उरलेलं तेल सुईबरोबर हळूहळू निघून येतं.