सीटी स्कॅन असताना मृतदेह कशाला?

“आता सीटीत सगळं दिसतं म्हणतात. मग मढी फाडून तुम्ही अजून काय शोधता?” गड्ड्याच्या जत्रेत भेटलेले पाहुणे असोत की चाटी गल्लीतला कापडवाला, मी सोलापुरात शरीरशास्त्र शिकवतो हे कळलं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

पुस्तकातलं शरीर सोयीसाठी सरळ केलेलं असतं. तिथं प्रत्येक मूत्रपिंडाला एकच रोहिणी, म्हणजे रक्त आणणारी नळी. प्रत्यक्षात साधारण चौघांतल्या एकाला जास्तीची असते. त्याला जन्मभर पत्ताही लागत नाही. पण त्यानं भावाला किडनी द्यायची ठरवली, की ती बारीक नळी महत्त्वाची होते. मूत्रपिंडातल्या रोहिण्या एकमेकींना मिळत नाहीत; एक बांधून टाकली तर तेवढा भाग मरतो. म्हणून दात्याची आधी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, करतात.

आमचं बरंचसं संशोधन अशाच फरकांचं. भलत्याच कारणासाठी काढलेले स्कॅन नावगाव पुसून, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन, पुन्हा बघायचे. फाटा कुठून फुटला, किती मिलिमीटर जाड आहे, लिहून ठेवायचं. काम कंटाळवाणं, खोटं कशाला बोलू! पण विच्छेदनाच्या टेबलावर मोजकेच देह येतात, तेही बहुतेक म्हाताऱ्यांचे. स्कॅन तरुणांचेही मिळतात, वाहत्या रक्ताचे.

फरक बघायला माझ्याकडं यायलाही नको. अंगठा करंगळीला टेकवा, मनगट जरा आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी कंडरा, म्हणजे स्नायूच्या टोकाची चिवट दोरी, उठली? नसली तरी घाबरू नका, पुष्कळांना ती नसतेच. असली तर सर्जन ती काढून दुसरीकडं जोडायला वापरतात.

मग देह कशाला? बारीक नसा, म्हणजे मज्जातंतू, सीटीत दिसत नाहीत. त्या चिमट्यानं, चरबी बाजूला करत शोधाव्या लागतात. अमेरिकेत देहदंड झालेल्या एका कैद्याचं शरीर गोठवून, एकेक मिलिमीटर तासत त्याचे फोटो काढले होते. आधी त्याचेच सीटी, एमआरआयही केलेले. १९९४ साली ते सगळं अभ्यासकांना खुलं झालं. अफाट काम, पण माणूस एकच!

देहदानाचा फॉर्म भरायचा असेल, तर आधी घरात बोला. तुमच्या मागं कॉलेजला फोन वारसांनीच करायचा असतो, आणि पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत.