उताराच्या शेतात बांध घालताना: माझा अनुभव

माती वाहून जाते हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. दर पावसात गढूळ पाणी शेताबाहेर पडताना दिसतंच. हेक्टरभर रानातला एक मिलिमीटर थर गेला तरी साधारण १३ टन माती जाते, आणि सेंटिमीटरभर नवी माती व्हायला शतकं लागतात. हे ठाऊक असूनही माती अडवणाऱ्या बांधांचं आमचं काम कित्येक वर्षं अडलेलं होतं.

सगळ्यात मोठी अडचण जमिनीच्या हक्काची. थोडं रान आमचं, बाकीचं खंडानं केलेलं, तेही तोंडी बोलीवर वर्षापुरतं. बांधाचा गुण यायला काही हंगाम जातात. तोवर रान दुसऱ्याकडे गेलं तर? जमीनमालकाशी पुन्हा पुन्हा बोललो. पाच वर्षांचा लेखी करार झाला, तेव्हा कुठे तिथं कुदळ मारायचा धीर आला. ‘शेतकरी ऐकतच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आधी खंडाची मुदत विचारावी, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा प्रश्न घरातूनच आला. बांधाखाली पिकाच्या ओळी जाणार, आणि उतार जितका तीव्र तितके बांध जवळजवळ घ्यावे लागतात. बायकोनं विचारलं, तेवढं उत्पन्न कुठून भरून काढायचं? तिचं म्हणणं रास्त होतं. मग बांधावर वैरणीचं गवत आणि वाळा लावायचं ठरलं. वाळ्याची मुळं सरळ खाली तीन-चार मीटरपर्यंत जातात, त्यामुळे शेजारच्या पिकाला फारशी आडवी येत नाहीत, आणि कोवळा पाला जनावरं खातात. पिकाचा पालापाचोळा सगळा रानात पसरा असा सल्ला मिळाला होता, पण तीच आमची वैरण. वैरण बांधावर निघू लागली तेव्हाच आच्छादनाला काही उरलं.

बांधासाठी समतल रेषा, म्हणजे उतारावर एकाच उंचीवरून जाणारी रेघ, आखायला महागडं यंत्र लागलं नाही. दोन सारख्या काठ्या वर जोडून, मध्ये आडवी पट्टी ठोकून, शेंड्याला ओळंबा टांगला. ओळंबा पट्टीवरच्या खुणेवर स्थिरावला की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं खुंटी, मग चौकट पुढं. ही खूण मात्र आधी पायांची अदलाबदल करून तपासून घ्यावी. दोन वेळच्या खुणांचा मध्य तोच खरा.

वरच्या शेतातलं पाणी तरीही आमच्याच बांधावर येणार होतं. शेजाऱ्यांना सोबत घेऊन दोन्ही शेतांचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, एका ओळीत आणला. हे जमलं नसतं तर पहिल्याच जोराच्या पावसात बांध फुटला असता.

मदतीच्या योजना बहुधा नव्या कामाला पैसे देतात, डागडुजी मात्र ज्याची त्यालाच करावी लागते. ती पेरणीच्या घाईआधी उरकावी, कारण नंतर मजूर मिळत नाहीत. यंदा सांडव्याखाली दगड रचायचे आहेत, तिथं पाणी पडून खड्डा होऊ लागलाय.